हलकी ई-माउंटन बाइक : निवडताना आणि चालवताना

हलक्या इलेक्ट्रिक माउंटन बाइकच्या माहितीपत्रकात वजनाचा आकडा ठळक छापलेला असतो. तो सहसा मध्यम किंवा त्याहून लहान मापाच्या फ्रेमचा, पेडल न लावलेल्या आणि पातळ टायर बसवलेल्या सायकलचा असतो. आम्ही दोघांनी आपापल्या सायकली निवडायला घेतल्या तेव्हा सगळ्यात आधी हा आकडा बाजूला ठेवला आणि स्वतः बेरीज मांडली. फ्लॅट पेडलची जोडी ३५० ते ४५० ग्रॅम. खडकाळ वाटेवर टिकतील असे जाड कडांचे टायर घेतले तर दर टायरमागे २०० ते ३०० ग्रॅम वाढतात. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये भोकं बुजवायला ओततात ते सीलंट दोन्ही चाकांत मिळून २०० ग्रॅम. म्हणजे कागदावरची १७.५ किलोची सायकल जंगलात उतरेपर्यंत १८.५ च्या वर गेलेली असते. बाटलीच्या जागी बसणारी जादा बॅटरी, म्हणजे रेंज एक्स्टेंडर, लावली की ती वीसच्या जवळ पोचते, कारण एक्स्टेंडर बनावटीनुसार १ ते १.६ किलोचा असतो. दुकानात जाताना आम्ही सामान तोलायचा डिजिटल काटा सोबत ठेवत असू. सायकल टांगून तोलली तर कुठल्याच दुकानदाराला वावगं वाटत नाही.

एवढं केल्यावरही फरक उरतोच, आणि तो मोलाचा आहे. पूर्ण ताकदीची ई-माउंटन बाइक, म्हणजे ८५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि ६०० ते ८०० वॅट-तासांची बॅटरी असलेली, २३ ते २५ किलोची असते. हलक्या वर्गात टॉर्क ३५ ते ६०, बॅटरी ३२० ते ४३० वॅट-तास आणि वजन १६ ते २० किलो. हा वर्ग खऱ्या अर्थाने २०२० मध्ये उभा राहिला. त्या वर्षी स्पेशलाइज्ड कंपनीची लिव्हो एसएल आली आणि ऑर्बिया कंपनीची राइझही. २०२२ मध्ये ट्रेकने टीक्यू कंपनीची एचपीआर५० मोटर घालून फ्युएल ईएक्सई काढली, आणि २०२३ मध्ये बॉशने परफॉर्मन्स लाइन एसएक्स ही मोटर आणली. फझुआ कंपनीची राइड ६० मोटरही याच वर्गातली.

या पाच-सहा किलोंबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. लोकांना वाटतं, सायकल हलकी म्हणून बॅटरी जास्त पुरणार. हिशेब करून बघा. स्वार ७५ किलो, हेल्मेट-पाठपिशवी-पाणी ५ किलो, सायकल १८ किलो, एकूण ९८. तेवढं वजन १०० मीटर उंच चढवायला सुमारे २७ वॅट-तास लागतात. सायकल २४ किलोची घेतली तर एकूण १०४ होतं आणि खर्च सहा टक्क्यांनी वाढतो. सहा टक्क्यांसाठी कोणी हजारो युरो मोजू नयेत. चढावर वजनाचा फायदा किरकोळच. खरा फायदा हातांना कळतो: सायकल वळवताना, आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून पुढचं चाक उचलताना, घसरतंय असं वाटल्यावर तिला पायांमध्ये सावरताना. आणि तळघराच्या जिन्यात.

आम्ही जर्मनीत फ्रायबुर्गला सायकल चालवतो. शहर काळ्या जंगलाच्या (ब्लॅक फॉरेस्टच्या) पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून २७८ मीटरवर. पूर्वेला ७३७ मीटर उंचीचा रॉसकॉफ आणि दक्षिणेला १२८४ मीटरचा शाउइन्सलँड. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या वनकायद्यानुसार दोन मीटरपेक्षा अरुंद जंगलवाटेवर सायकल चालवायला मनाई आहे. मंजुरी घेऊन तयार केलेल्या सायकलवाटा, म्हणजे ट्रेल, त्याला अपवाद. रॉसकॉफवरून उतरणारा बॉर्डरलाइन आणि शहराच्या दक्षिणेकडचा कॅनेडियन ट्रेल हे असे अधिकृत ट्रेल. त्यामुळे इथली पद्धत ठरून गेली आहे: रुंद वनरस्त्याने वर चढायचं आणि ट्रेलने खाली यायचं. या पद्धतीला हलकी ई-बाइक छान जुळते. चढ लांब असतो पण बेफाम नसतो, आणि उतार वळणावळणांचा, मुळांचा, चपळ सायकल मागणारा.

मोटरची निवड करताना लोक न्यूटन-मीटरवर अडकतात. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. शक्ती त्या जोराला फिरण्याच्या वेगाने गुणल्यावर मिळते. मोटर क्रँकपाशीच (पेडल ज्या दांड्यांवर असतात तिथेच) असल्याने हा वेग म्हणजे तुमचा केडन्स, मिनिटाला पेडलचे किती फेरे होतात तो आकडा. ५० न्यूटन-मीटरची मोटर ४० केडन्सला जास्तीत जास्त २१० वॅट देऊ शकते आणि ५७-५८ ला ३०० वॅट. एचपीआर५० ची कमाल शक्ती ३०० वॅटच आहे, म्हणजे साठच्या आत पाय फिरवणारा स्वार तिचा काही भाग वापरतच नाही. बॉश एसएक्सच्या बाबतीत हे आणखी ठसतं. कंपनी ६०० वॅट सांगते, आणि मोटर आली तेव्हा टॉर्क ५५ न्यूटन-मीटर होता. भागाकार करा: ६०० वॅटसाठी १०४ केडन्स लागतो. ६० केडन्सला तीच मोटर फार तर ३४५ वॅट देईल. पूर्ण ताकदीची ८५ न्यूटन-मीटरची मोटर मात्र ४० केडन्सलाही साडेतीनशे वॅट ओतते. म्हणून जड गिअरमध्ये सावकाश, दाबून पेडल मारायची सवय असलेल्या माणसाला हलकी मोटर मेलेली वाटते, आणि भराभर पाय फिरवणाऱ्याला तीच जिवंत वाटते. खरेदीआधी आठवडाभर साध्या सायकलवर स्वतःचा केडन्स मोजावा. चढावर तो सातत्याने ६५ च्या खाली राहत असेल आणि सवय बदलायची तयारी नसेल, तर पूर्ण ताकदीची सायकल घेतलेली बरी. हे सांगायला दुकानदार कचरतात, पण सगळ्यात जास्त निराशा इथूनच येते.

आमच्यातल्या एकाने एचपीआर५० घेतली, दुसऱ्याने एसएक्स. पहिल्या मोटरचं वजन १.८५ किलो आणि आवाज इतका कमी की वनरस्त्यावर टायरखालची खडी तेवढी ऐकू येते. तिच्यासोबत ३६० वॅट-तासांची बॅटरी येते आणि १६० चा एक्स्टेंडर मिळतो. दुसऱ्या मोटरचं वजन साधारण दोन किलो, बॅटरी ४०० ची, एक्स्टेंडर २५० चा. आवाज जास्त, पण केडन्स चढवला की जोरही जास्त. शांतता हवी की जोर, याचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं. जंगलात हरणं दिसतात तिथे मला शांतता हवी होती.

आता बॅटरी. वर काढलेल्या २७ वॅट-तासांत टायरच्या घर्षणाचे वीस टक्के मिळवा, म्हणजे दर १०० मीटर चढाला ३२. त्यातले अर्धे तुम्ही दिले आणि अर्धे मोटरने, तर मोटरच्या वाट्याला १६. मोटर आणि तिचं इलेक्ट्रॉनिक्स बॅटरीतली सगळी वीज पेडलपर्यंत पोचवत नाही. साधारण पाचवा हिस्सा उष्णतेत जातो. म्हणून बॅटरीतून प्रत्यक्ष जातात २० ते २१. रॉसकॉफचा साडेचारशे मीटरचा चढ म्हणजे सुमारे ९२ वॅट-तास. ३६० च्या बॅटरीत अशा तीन फेऱ्या बसतात, चौथी बसत नाही. शाउइन्सलँडला एकदा जायचं तर हजार मीटर, म्हणजे २०५, आणि परत येईपर्यंत बॅटरीत चांगली शिल्लक उरते. मोटरला दोन-तृतीयांश काम दिलं की खर्च शंभर मीटरला २७-२८ वर जातो आणि राखीव दहा टक्के सोडता १२०० मीटरच्या आत बॅटरी संपते. आपल्या नेहमीच्या वाटेचा चढ नकाशावर मोजावा आणि हा गुणाकार करावा. कंपनीच्या संकेतस्थळावर किलोमीटरमध्ये दिलेली रेंज डोंगरात निरुपयोगी असते. इथे मीटर चढ हेच माप.

एक्स्टेंडर सायकलसोबतच घ्यायचा मोह होतो. थांबा. एका हंगामाच्या चालवण्यातून कळतं की तो लागतो का. आम्ही दोघांत एकच ठेवायचा विचार केला होता, पण बनावट वेगळी असली की एकाचा दुसऱ्याला चालत नाही, जोडणीच वेगळी असते.

बॅटरी फ्रेममधून काढता येते का, हा प्रश्न फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी मोटरइतकाच महत्त्वाचा. काही फ्रेममध्ये षटकोनी किल्लीने एक-दोन बोल्ट सैल केले की बॅटरी खालून बाहेर येते. काहींमध्ये ती फ्रेममध्ये कायमची बसवलेली असते आणि काढायला आधी मोटर उतरवावी लागते. वजन वाचवायला कंपन्या फ्रेमला मोठं भोक पाडायचं टाळतात, त्याचा हा परिणाम. इथल्या इमारतींत सायकली तळघरात असतात, आणि तिथल्या सामाईक प्लगची वीज सामाईक मीटरवर पडते. घरमालकाची परवानगी नसेल तर सायकल उचलून वर आणणं आलं. चार्जिंगसाठी सायकल बाहेरच्या थंडीत ठेवणंही बरोबर नाही, कारण शून्य अंशाच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये. थंडीत पेशीच्या आत लिथियम धातूच्या रूपात साचायला लागतं, आणि ते नुकसान भरून येत नाही.

किंमत पाच हजार युरोंच्या आसपास सुरू होते आणि कार्बन फ्रेम, बिनतारी गिअर अशा गोष्टी जमवत बारा हजारांच्या पुढे जाते. कार्बन आणि ॲल्युमिनियम फ्रेमच्या सायकलींत दीड ते दोन किलोंचा फरक पडतो, आणि या वर्गात तो पैसा कारणी लागतो. बिनतारी गिअरचं तसं नाही. ते पैसे चांगल्या फोर्कवर (पुढच्या चाकाच्या शॉकवर) आणि ब्रेकवर घालावेत. जर्मनीत नोकरी करणारे बरेचजण मालकाच्या मार्फत लीजवर सायकल घेतात. हप्ता करपूर्व पगारातून जातो, मुदत सहसा ३६ महिने. खाजगी वापराबद्दल किमतीच्या चौथ्या हिश्श्याचा एक टक्का दरमहा उत्पन्नात धरतात: ७००० युरोच्या सायकलचा चौथा हिस्सा १७५०, तो शंभराच्या पटीत खाली आणून १७००, म्हणजे दरमहा १७ युरो करपात्र. मुदत संपल्यावर सायकल विकत घ्यायचा प्रस्ताव येतो, पण त्याची रक्कम करारात आधी बांधलेली नसते, हे सही करताना लक्षात ठेवावं. नोकरी मध्येच सुटली तर काय, तेही वाचून घ्यावं. परदेशात व्हिसावर असलेल्यांना हा प्रश्न नुसता कागदावरचा नसतो.

चाचणीच्या फेरीत दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर टर्बो, म्हणजे सगळ्यात जास्त मदतीचा मोड, लावून चक्कर मारली तर काहीच समजत नाही. कुठलीही मोटर तिथे छान वाटते. आम्ही अर्ध्या दिवसासाठी भाड्याने घेतली आणि ठरवून काही गोष्टी तपासल्या. सपाटीवर मोटर पूर्ण बंद करून चालवली: चांगली हलकी सायकल जाड टायरच्या साध्या सायकलसारखी पळते, मोटर आत ओढत असल्याचं जाणवत नाही. ताशी २५ किलोमीटरला मदत तुटते तो क्षण बघितला. या देशात त्यापुढे मदत देणं कायद्याने बंद आहे, आणि तो तुटण्याचा क्षण काही मोटरमध्ये झटक्यासारखा लागतो, काहींत कळतही नाही. तीव्र चढावर मुद्दाम थांबून पुन्हा निघालो. मुळांच्या वाटेवर पेडल न मारता उतरलो, कारण काही मोटरच्या आतला क्लच धक्क्यांनी खडखडतो आणि तो आवाज दिवसभर डोक्यात बसतो. शेवटी सायकल खांद्याला लावून एक जिना चढलो. वॉक मोड, म्हणजे सायकल ढकलताना ताशी ६ किलोमीटरपर्यंत मिळणारी मदत, त्याचं बटण हातमोजे घालून दाबता येतं का, हेही तिथेच पाहिलं.

सायकल घरी आल्यावर पहिला अर्धा दिवस तिच्यावर घालवायचा असतो. ब्रेक आधी. नव्या पॅडला डिस्कवर बसायला वेळ द्यावा लागतो: धावत्या माणसाच्या वेगावरून हळूहळू चालीच्या वेगावर वीसेक वेळा यायचं, मग त्याहून जास्त वेगावरून दहाएक वेळा जोरात, पण चाक पूर्ण न अडवता. हे केलं नाही तर पॅडचा पृष्ठभाग चकचकीत होतो आणि ब्रेक किंचाळत राहतात. चार पिस्टनचे ब्रेक आणि दोन्हीकडे २०० मिलिमीटरच्या डिस्क हव्यातच. वजन वाचवायला मागे १८० ची डिस्क दिलेली असेल तर ती बदलून घ्यावी. बॉर्डरलाइनसारख्या उतारावर शेवटच्या टप्प्यात हातांना दम भरतो तो बहुधा अपुऱ्या ब्रेकमुळे.

मग सस्पेन्शन. सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने शॉक किती दबतो, ते पूर्ण सामानासह मोजायचं, पाठीवर पाणी आणि लावणार असाल तर एक्स्टेंडरसुद्धा. मागे २८ ते ३० टक्के, पुढे २० टक्क्यांच्या आसपास. साध्या सायकलवरून आलेला माणूस तिथलेच हवेचे आकडे इथे भरतो आणि सायकल मध्यभागी खचते. मोटर-बॅटरीचं चार किलो वजन तळाशी असल्याने फोर्कला तीच सॅग मिळवायला थोडा जास्त दाब लागतो, आणि रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत उसळण्याचा वेग, एखादी खूण हळू करावा लागतो. टायर २९ इंची, २.४ ते २.५ रुंद. ७५ ते ८० किलोच्या स्वाराला पुढे १.५ बार हवेचा दाब आणि मागे १.७ पासून सुरुवात करावी; रिमला दगड टणकन लागला तर मागचा ०.१ ने वाढवावा. ओल्या मुळांवर घसरतंय म्हणून सगळेजण दाब कमी करत जातात. मागचा दाब कमी करून उपयोग नाही, तिथे रिम जाते; पकड हवी असते ती पुढे.

क्रँक १६० किंवा १६५ मिलिमीटरची मिळत असेल तर तीच घ्यावी. मोटरच्या मदतीने आपण अशा जागी पेडल मारतो जिथे साध्या सायकलवर मारलं नसतं, आणि १७० च्या क्रँकवर पेडल दगडांना आपटत राहतं.

ॲपमधल्या मोडला कंपनीने दिलेले आकडे जसेच्या तसे ठेवू नयेत. एचपीआर५० च्या सायकलवर टॉप ट्यूबवरच्या, म्हणजे फ्रेमच्या वरच्या नळीवरच्या, छोट्या पडद्यावर स्वार किती वॅट देतोय आणि मोटर किती, दोन्ही दिसतं, आणि त्याने जुळवणी सोपी जाते. आम्ही सगळ्यात खालच्या मोडची कमाल शक्ती १०० ते १२० वॅटवर बांधली. हा मोड साध्या सायकलवाल्या मित्रांबरोबर चढायला. मधला १८० ते २००, एकट्याने किंवा सारख्या सायकलींबरोबर. वरचा मोड पूर्ण मोकळा, पण तो तीव्र चढाच्या छोट्या तुकड्यांपुरता. पेडल दाबल्यावर मोटर किती चटकन जागी होते ती सेटिंग मधल्या मोडमध्ये किंचित मंद ठेवली की ओल्या खडीवर मागचं चाक फिरत नाही.

आता चढ. वनरस्ता साधारण १० टक्क्यांचा आहे असं धरा. ताशी १० किलोमीटरने चढायला ९८ किलोंना ३२० वॅट लागतात. निम्मे तुमचे, निम्मे मोटरचे, आणि तासाला हजार मीटर उंची मिळते. रॉसकॉफ अर्ध्या तासाच्या आत. त्याच १६० वॅटवर साध्या सायकलने याला पाऊण तासाच्या वर लागतो. इथपर्यंत कौशल्य लागत नाही, केडन्स ७५ ते ९० ठेवला की झालं. गंमत २० टक्क्यांच्या चढावर आहे. तिथे ताशी ७ किलोमीटरला चारशे वॅट लागतात. पुढे पेडलपाशी ३२ दात्यांचं चक्र (चेनरिंग) आणि मागे सर्वात मोठं चक्र ५२ दात्यांचं असेल तर ७ च्या वेगाला केडन्स ८२ येतो, मोटर तिच्या सुखाच्या जागी असते. वेग ५ वर घसरला की केडन्स ५९, मोटरची शक्ती उतरायला लागते, म्हणून वेग आणखी घसरतो, म्हणून केडन्स आणखी घसरतो. काही सेकंदांत पाय जमिनीवर. पूर्ण ताकदीच्या सायकलवर ही घसरगुंडी नसते, तिथे मोटर ओढून नेते. हलक्या सायकलवर वेग आधीच साठवावा लागतो. चढ उभा राहायच्या दहा मीटर आधी गिअर हलका करायचा, मोड वर घ्यायचा, आणि पाय जोरात फिरवत आत शिरायचं. चढावर अडकल्यानंतर गिअर बदलायला गेलं तर चेनवर तुमचा आणि मोटरचा असा दोघांचा ताण एकदम येतो. चेन तुटते ती बहुतेक वेळा तिथेच. बदलायलाच लागलं तर पाऊण फेरा पेडल हलकं फिरवायचं, तेवढ्यात चेन सरकते.

शरीर कुठे ठेवायचं? सीट तीन-चार सेंटीमीटर खाली, बसायचं सीटच्या टोकावर, छाती हँडलकडे झुकलेली, कोपर खाली. पुढचं चाक हलकं होऊन भरकटायला लागलं की माणूस हँडल ओढतो, त्याने ते आणखी उचलतं. हँडल खाली-मागे दाबायचं. उभं राहून पेडल मारलं तर मागचं चाक सुटतं, कारण मोटरचा जोर पेडलच्या खालच्या दाबाबरोबर झटक्याने येतो. मुळांच्या पायऱ्यांवर पूर्ण फेऱ्याऐवजी अर्धे-अर्धे फेरे मारायचे: पाव फेरा मागे, अर्धा पुढे. हलक्या मोटर पेडल थांबलं की जवळजवळ लगेच थांबतात, म्हणून मुळावरून चाक उचलायच्या क्षणी जोर हवा असेल तर पाय त्याच क्षणी फिरत असायला हवा. हा मेळ जमायला काही आठवडे लागतात आणि जमला की तीच या सायकलची खरी मजा आहे. तीव्र चढावर पुन्हा निघताना सायकल थोडी तिरकी धरायची, वरच्या बाजूचा पाय जमिनीवर, दुसऱ्या पायाचं पेडल घड्याळातल्या एक-दोनच्या जागी, दोन्ही ब्रेक दाबलेले, मोड सगळ्यात खालचा. पहिला दाब देता देता ब्रेक सोडायचे. वरच्या मोडमध्ये निघालं तर पुढचं चाक हवेत.

उन्हाळ्यात लांब उभ्या चढावर आणखी एक गोष्ट घडते. मोटर लहान, तिचं कवच लहान, उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभाग कमी. सतत वरच्या मोडमध्ये कमी केडन्सवर चढत राहिलं तर ती स्वतःहून शक्ती कमी करते. बिघाड नाही, संरक्षण आहे. मोड खाली घेऊन केडन्स वाढवला की काही मिनिटांत पूर्ववत होते.

पूर्ण ताकदीच्या सायकलवाल्यांच्या गटात जाणार असाल तर आधीच बोलून घ्या. ते वनरस्त्याने ताशी पंधरा-अठराने चढतात. त्यांच्यामागे राहायला तुमचा वरचा मोड सतत लागतो आणि बॅटरी दुसऱ्या चढावर संपते. साध्या सायकलवाल्या तगड्या मित्रांबरोबर मात्र ही सायकल फार छान चालते.

उतारावर साध्या सायकलची सगळी तंत्रं लागू पडतात. तीन-चार किलो जास्तीचे आहेत, आणि ते तळाशी, म्हणून सायकल मुळांवरून स्थिर जाते, पण थांबायला थोडं जास्त अंतर घेते. वळणाआधीचा ब्रेक एक-दोन मीटर अलीकडे आणावा. शरद ऋतूत बीच नावाच्या झाडांची पानं ट्रेलवर पडतात आणि खालची ओली मुळं दिसेनाशी होतात. तिथे ब्रेक लावायचाच नाही, पानांच्या आधी वेग कमी करायचा आणि सायकल सरळ ठेवून पार व्हायचं.

देखभालीत चेन सगळ्यात आधी खर्ची पडते. मापकावर झीज ०.५ टक्के दिसली की बदलायची, नाहीतर कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, सोबत जाते आणि कॅसेट महाग असते. सीलंट दर तीन महिन्यांनी बघायचं. धुताना दाबाच्या पाण्याचा फवारा मोटर, क्रँक आणि चार्जिंगच्या झाकणावर मारायचा नाही. बादली, ब्रश, मऊ नळ. मागचं चाक काढून बसवल्यावर मोटर मदत देईना आणि पडद्यावर चूक दिसली, तर घाबरून दुकान गाठण्याआधी वेगमापकाचं चुंबक बघावं. ते मागच्या चाकासोबत फिरतं, आणि चाक तिरकं बसलं किंवा चुंबक सरकलं की मोटरला वेग कळत नाही. चढावर करकर आवाज आला की संशय मोटरवर जातो. क्रम असा ठेवावा: सीटपोस्ट काढून पुसून परत बसवा, पेडल घट्ट करा, मागचा ॲक्सल त्यावर छापलेल्या टॉर्कला आवळा, चेनरिंग बघा. इथेच आवाज बहुतेकदा सापडतो. मोटरच्या बोल्टना टॉर्क रेंचशिवाय हात लावू नये. हिवाळ्यात सायकल उभी राहणार असेल तर बॅटरी ३० ते ६० टक्क्यांवर, १० ते २० अंशांच्या खोलीत. थंडीत चालवायची असेल तर बॅटरी घरात ठेवून निघताना बसवावी, गारठलेली बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही.

वेगाची मर्यादा काढून टाकणारे चिप आणि सॉफ्टवेअर विकायला असतात. जर्मनीत असं केलं की ती सायकल कायद्याने सायकल राहत नाही: विमा, नंबरप्लेट, परवाना लागतो, जंगलवाटा बंद होतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. मोटरची वॉरंटीही जाते.

इथे राहणाऱ्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न नेहमी येतो: परत पुण्याला जाताना ही सायकल नेता येईल का, सिंहगडाच्या पायथ्याला चालवायला? प्रवासी विमानात १६० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही, ना हातातल्या सामानात, ना चेक-इनच्या. १०० ते १६० साठी विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते. म्हणजे ३६० किंवा ४०० ची मूळ बॅटरी विमानात बाद. १६० चा एक्स्टेंडर बरोबर सीमेवर येतो, पण तोही काउंटरवरच्या माणसाने मान्य केला तर. उरतो जहाजाने, धोकादायक मालाच्या नियमांनुसार पाठवण्याचा मार्ग, आणि घरगुती सामान हलवणाऱ्या अनेक कंपन्या त्याला तयार नसतात. भारतात २५० वॅट (कमाल नव्हे, सतत मिळणारी शक्ती) आणि ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेतल्या पेडल-असिस्ट सायकलला नोंदणी लागत नाही, म्हणून कायद्याची अडचण नाही. अडचण नंतरची आहे: या मोटर सहसा उघडून दुरुस्त होत नाहीत, बिघडली की विक्रेता कंपनीच्या सॉफ्टवेअरने तपासतो आणि अख्खी बदलतो. ज्या शहरात त्या मोटरचा अधिकृत विक्रेता नाही तिथे ती न्यायच्या आधी एवढं विचारून घ्यावं की चूक दिसली तर सायकल कुठे पाठवायची आणि बॅटरीशिवाय फक्त फ्रेम-मोटर पाठवली तर ते तपासतील का. याचं उत्तर लेखी मिळत नसेल, तर सायकल इथेच विकून तिथे साधी चांगली हार्डटेल, म्हणजे मागे शॉक नसलेली सायकल, घ्यावी.